सुपारीचं देणं सुपारीत

आगरदांडा, १२ ऑक्टोबर १९३१

फिरोजाआपांस सुगराचा सलाम.

मुंबईत सुपारी मणाला पाच रुपयांवर आली आहे. अब्दुस्समद तांडेल काल भरतीबरोबर गलबत घेऊन खाडीत शिरला. त्याने बाजारात दोन-तीन पेढ्यांवर स्वतः विचारून खात्री केली आहे. दोन वर्षांपूर्वी हाच भाव अकरा होता. तुम्हाला उरणला बसून हे आधीच कळलं असेल. तुमच्या दुकानात भाव माणसांच्या आधी पोचतात, असं आमचे हे, तुमचे भाऊ, म्हणायचे. आता तीन वर्षं ते तुमचं नाव घेत नाहीत, आणि हे पत्र मी त्यांच्या नकळत लिहिते आहे.

कारण असं की हरेश्वरशेठ परवा घरी आले होते. ओसरीवर बसले, चहा घेतला, वाडीची चौकशी केली, आणि म्हणाले, करमभाई, सुपारीचं देणं तुम्हाला जड झालंय, आपण ते रुपयांत बदलून टाकू. चव्वेचाळीस मणांचे अकराच्या भावाने चारशे चौऱ्याऐंशी होतात. सहा वर्षांत फेडा, सूद एक पैसा नाही. वाडी फक्त नावाला तारण. दिवाळीच्या पाडव्याला कागद करू.

तुमचे भाऊ तेव्हापासून खुशीत आहेत. शेठ मुसलमान नाही तरी आपला ईमान जपतो, असं जो भेटेल त्याला सांगतात.

मला हिशेब फार येत नाही. मुरूडच्या शाळेत चौथीपर्यंत झालं तेवढंच. पण तुम्ही गेलात तेव्हा देणं तेवीस मणांचं होतं. ते चव्वेचाळीस कसं झालं, ते मला कळलं तसं मांडते, चुकलं तर दुरुस्त करा.

सहा वर्षांपूर्वी तुमचे बावा वारले त्या पावसाळ्यात चाळिसाव्यासाठी शेठनी दीडशे रुपये दिले. आपण सूद देत नाही हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, रुपये परत नकोत, हंगामाला पंचवीस मण सुपारी घाला, झालं. म्हणजे मणाला सहा रुपये पडले, आणि बाजारात होते अकरा. ते तेव्हा कोणी बघितलं नाही. वाडी वीस मणांवर देत नाही. जेवढी कमी पडेल तिची पुढच्या हंगामाला दीडपट घालायची, असं ठरलं. मग दर पावसाळ्यात तांदळाला, शाकारणीला, कोणाच्या तरी लग्नाला थोडी थोडी उचल घेतली गेली. दर हंगामाला आम्ही अख्खी वाडी झाडून सुपारी घालतो आणि दर होळीला देणं वाढलेलं असतं. या होळीपर्यंत पूर्ण चव्वेचाळीस मण गेली नाहीत, तर उरलेल्या चोवीस मणांची छत्तीस होतील.

आता मला एवढंच विचारायचं आहे. शेठ दयाळू असतील. पण दयाळू माणसाने भाव आजचा न धरता जुना का धरावा?

तुम्ही रागावून गेलात त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेर आले नाही. वाडीत तुमचाही तिसरा हिस्सा आहे, तोही या तारणात जाईल. म्हणून तुम्हाला कळवणं माझं काम आहे असं समजून लिहिलं. उत्तर दिलं नाहीत तरी मी काही मनात धरणार नाही.

तुमची,
सुगरा


आगरदांडा, २७ ऑक्टोबर १९३१

आपा, सलाम.

तुमचं पत्र पोचलं. पहिल्याच ओळीत तुम्ही विचारलंत की खालच्या विहिरीवरचा रहाट दुरुस्त झाला का. मला वाटलं होतं, लिहिलंत तर आधी बोलणी बसतील. रहाट दुरुस्त झाला आहे. अल्लाह तुमचं भलं करो.

ठमीला मी पत्रातला मजकूर थोडा सांगितला, कारण तिच्या हातून पाकीट आलं होतं आणि ती दारातून हलेना. सुपारी सोलायला येणारी ठमी तुम्हाला आठवतच असेल, अजून तशीच आहे. ती म्हणाली, “मंग आक्कांनी बराच राग गिलला म्हनायचा.” मी म्हटलं, गिळला असेल किंवा नसेल, काम सांगितलंय हे खरं.

तुम्ही लिहिलेलं मी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. सुपारीचं देणं सुपारीतच फेडा. आज ते दोनशे वीस रुपयांचं आहे, सही केलीत की चारशे चौऱ्याऐंशीचं होईल. शेठला हे कळतं म्हणूनच तो चहाला आला. तुमची वाडी वीस मण देईल, उरलेली चोवीस बाजारातून विकत घ्या आणि होळीच्या आत घाला. पैशाला तुझ्या हातातलं सोनं आहे. सोनं विलायतेतल्या कसल्याशा घडामोडीने तोळ्याला बावीसवरून सत्ताविसावर गेलंय आणि चढतंय. सोनं महाग आणि सुपारी स्वस्त, असे दिवस एकत्र आले आहेत तेवढ्यात हात मोकळे करा.

आणि खाली तुम्ही लिहिलंत, पुढच्या पावसाळ्याला पुन्हा उचल घेणार असाल तर बांगड्या हातातच ठेव, फुकट जातील. हे मला सगळ्यांत जास्त लागलं आणि सगळ्यांत जास्त पटलंही.

तुमचे भाऊ मात्र तुमचं म्हणून ऐकणार नाहीत, हे तुम्हीच ओळखलंत. “व्याजाला टोपी घातली म्हणून ते नमाजी होत नाही,” हे तुमचं जातानाचं बोलणं त्यांच्या छातीत अजून तसंच आहे. बाहेर कोणी व्याजाचा विषय काढला की ते उठून जातात. म्हणून तुम्ही सांगितलंत तसंच करते. तुमचं नाव काढत नाही. सही करायच्या आधी एकदा मुरूडला जाऊन मशिदीतल्या खतीबसाहेबांना विचारून या, दीडपट घेणं-देणं शरीअतीत बसतं का, एवढंच त्यांना सांगते.

आज रात्री जेवताना सांगेन. रागावतील. रागावले की दोन दिवस बोलत नाहीत, पण गोष्ट विसरत नाहीत.

तुमची,
सुगरा


आगरदांडा, १४ नोव्हेंबर १९३१

आपा, सलाम.

पाडवा होऊन गेला. कागद झाला नाही.

रागावून दोन नाही, चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी धुतलेला सदरा मागितला आणि मुरूडला गेले. दुपारी परत आले ते सरळ वाडीत. मी चहा घेऊन गेले तर एका पोफळीखाली बसले होते. खतीबसाहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं म्हणे. आगाऊ पैसे देऊन पुढचा माल ठरवणं चालतं, त्यात गुन्हा नाही, असं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, कमी पडली तर काय ठरलंय? यांनी दीडपट सांगितली. खतीबसाहेब म्हणाले, करमअली, वाढीव माप सुपारीने भरलं काय किंवा रुपयाने भरलं काय, वाढ ती वाढच.

तुमच्या भावांनी चहाला हात लावला नाही. म्हणाले, “सहा वर्षं मी सूद दिलं, सुगरा. आणि मला वाटत होतं मी सुपारी देतोय.”

मी कप उचलून परत आणला. आपा, तुम्ही तिथे असतात तरी ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणाला नसतात, असं मला वाटतं.

पाडव्याला शेठचा माणूस बोलवायला आला. हे गेले, आणि उभ्यानेच सांगून आले की जे ठरलंय ते सुपारीत ठरलंय, सुपारीतच घालीन. शेठनी हसून विचारलं, चव्वेचाळीस मण? कुठून आणणार? हे म्हणाले, होळी अजून लांब आहे. घरी येऊन मला म्हणाले, शेठने विचारलं ते खरंच, कुठून आणणार?

तेव्हा मी बांगड्या काढून पुढे ठेवल्या.

ते घेईनात. निकाहातल्या मेहेरचं सोनं, बायकोचं सोनं, माझ्या बावाने कधी आईच्या अंगावरचं उतरवलं नाही, वगैरे. मी म्हटलं, मी देत नाही, उसनं देते. कर्जे हसना म्हणतात ते हेच. सूद नाही, पण पाच तोळे घेतले की पाच तोळेच परत करायचे, रुपये नाहीत. त्यांनी एक बांगडी उचलून हातात तोलली. मग म्हणाले, आणि सोन्याचा भाव चाळीसवर गेला तर? मी म्हटलं, तर तुमचं नशीब.

आपा, ते हसले. तुम्ही गेल्यापासून या घरात ते असे हसलेले मला आठवत नाही.

काचेच्या बांगड्या घातल्या आहेत. चांगल्या दिसतात. ठमी म्हणते दिसत नाहीत.

तुमची,
सुगरा


आगरदांडा, १७ डिसेंबर १९३१

आपा, सलाम.

एक अडचण आली आहे, तिच्यात तुमची मदत हवी.

सुपारी मिळत नाही. भाव पाच रुपये असून मिळत नाही. तुमचे भाऊ आठ दिवस हिंडले. मुरूडला गेले, खाडी ओलांडून दिघीलाही गेले. सगळीकडे एकच उत्तर, माल शेठचा आहे. झाडावर असतानाच शेठचा आहे. आपल्यासारखंच प्रत्येकाने उचललेलं. एका वाडीवाल्याने तर हळू आवाजात सांगितलं की शेठच्या दिवाणजीने, मार्तंडाने, निरोपच दिला आहे, आगरदांड्याच्या करमअलीला कोणी माल विकला तर त्याची पुढची उचल बंद. बिचारा सांगताना आमच्या यांच्याकडे बघेना.

तेव्हा सुपारी मुंबईहून आणायची असं मी मनात धरलं आहे. ऐकून हसू नका. अब्दुस्समद तांडेल इथून नारळ भरून निघतो आहे. सोनं मी त्याच्याकडे कापडात शिवून देते. तो उरणच्या मोरा बंदराला थांबून तुम्हाला भेटेल. तुमच्या पुतण्याला, सिराजुद्दीनला, त्याच्याबरोबर मुंबईला पाठवता आलं तर बरं. तांडेल दर्यात शहाणा आहे, सराफाच्या दुकानात नाही. सोनं विकून त्याच पैशाने त्याच दिवशी सुपारी घ्यायची आणि येताना गलबतात टाकायची. जुनी चालेल, किडकी नको.

ठमी ऐकून म्हणाली, “भाबी, आता नारल पन मुंबईशी आनाल काय?” आणि सगळ्या पाखाडीत घरोघर सांगून आली.

घरचं म्हणाल तर तुम्ही विचारलंत त्याची उत्तरं देते. वाण्याकडचं खातं बंद केलं. रोख देऊन घेतो. रोखीने तेल स्वस्त मिळतं हे मला लग्न होऊन इतक्या वर्षांनी कळलं. नारळ एकदम व्यापाऱ्याला न देता दर पंधरवड्याला थोडे उतरवून विकतो, म्हणजे हातात काहीतरी खुळखुळत राहतं. पावसाळ्याचे तांदूळ आताच, भात स्वस्त आहे तोवर, घेऊन कणगीत भरले. दर पावसाळ्याची पहिली उचल तांदळासाठीच व्हायची, ती यंदा होणार नाही. गळलेल्या कोवळ्या सुपारीची मी आणि ठमी चिकणी करतो. उकडायला त्रास फार, पण ती शेठच्या मापात धरलेली नाही, तिचे पैसे आपले.

बावांच्या नावाच्या रजब महिन्यातल्या फातेह्याला या वर्षी बिर्याणीच्या डेगी चढवल्या नाहीत. कुराणखानी केली आणि खजूर वाटले. मोठ्या चाची सगळ्यांसमोर म्हणाल्या, करमअलीच्या घरी आता खजूरसुद्धा मोजून मिळतात. तुमचे भाऊ म्हणाले, “चाची, मागच्या वेळच्या बिर्याणीचे पैसे अजून फिटले नाहीत. खजुरांचे फिटलेत. तुम्ही आणखी दोन घ्या.” चाचींनी घेतले.

जामीन राहणंही सोडलं आहे. ते त्यांना उपाशी राहण्यापेक्षा जड गेलं. दारात आलेल्याला नाही म्हणायची त्यांना सवय नाही. नाही म्हटल्यावर त्या माणसाला जेवू घातल्याशिवाय सोडत नाहीत, एवढं अजून आहे.

एक सांगायचं राहिलं. माझ्याकडची पाकिटं संपली होती. काल हे मुरूडहून येताना सहा पाकिटं घेऊन आले आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवली. म्हणाले, टपालाचा दर वाढलाय, पुढे आणखी वाढेल, म्हणून एकदम आणली. कोणाला लिहायला, ते काही बोलले नाहीत. तांडेल मोऱ्याला थांबणार हे कळल्यावर मात्र त्याला म्हणाले, तिथे भरती बघून लाग, गेल्या वर्षी कोणाचं तरी गलबत चिखलात बसलं होतं. तेवढ्यात मला कळायचं ते कळलं.

तुमची,
सुगरा


आगरदांडा, २३ जानेवारी १९३२

आपा, सलाम. रमजान मुबारक.

काल शेठच्या वखारीत माप झालं. चव्वेचाळीस मण पूर्ण. शेठनी कागद तुमच्या भावांच्या हातात दिला आणि त्यांनी तो घरी आणून माझ्या हातात दिला.

आता सावकाश सांगते.

गलबत आलं तेव्हा मी पोती मोजली. सोन्याचा भाव, सुपारीचा भाव, तांडेलाचं नोर म्हणजे गलबताचं भाडं, सगळं धरून मला चोवीस मणांचा हिशेब लागत होता. आली सव्वीस. सिराजुद्दीनच्या चिठ्ठीत लिहिलं आहे की व्यापाऱ्याने खुशीने जास्त घातली. आपा, खुशीने दोन मण सुपारी घालणारा व्यापारी मुंबईत कुठे बसतो ते मी विचारणार नाही. त्या दोन मणांनीच आम्हाला वाचवलं, कारण मार्तंड दिवाणजीने तूट म्हणून, धूळ म्हणून, ओल म्हणून जवळजवळ तेवढीच कापली. तुम्हाला हे उरणला बसून कसं दिसलं?

मी माप बघायला गेले होते. बाजूला बायका सुपारी निवडत बसतात तिथे ठमीच्या शेजारी बसले. आधी वाडीची वीस मण तोलली, त्यात काही बोलायला जागा नव्हती. मग मुंबईची पोती पुढे आली. मार्तंडाने एका पोत्यात हात घातला, मूठभर काढून तळहातावर खेळवली, एक सुपारी अडकित्त्याने कातरली, आणि म्हणाला की हा माल चालणार नाही. बाहेरचा आहे. आपल्याकडची सुपारी अशी नसते. असला माल आमच्या वखारीत आम्ही उंबऱ्याच्या आत घेत नाही.

हे त्याने पाच-सहा माणसांसमोर म्हटलं. शेठ गादीवर बसले होते, त्यांनी मान हलवली. होळीला दोन महिनेसुद्धा नव्हते, सोनं गेलेलं, आणि चोवीस मणांची छत्तीस होणार.

तुमचे भाऊ अगदी शांत होते. रोजा होता म्हणून असतील असं मला वाटलं. त्यांनी दिवाणजीला विचारलं, नक्की? उंबऱ्याच्या आत नाही? मार्तंड म्हणाला, नक्की. मग यांनी वाकून ते पोतं उलटं केलं. पलीकडच्या बाजूला, निळ्या शाईत, नांगराचा छाप होता.

तो शेठचा छाप आहे. त्यांच्या वखारीतून मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक पोत्यावर तो मारतात. गेल्या हंगामाचा माल, इथून गेलेला, तिथे भाव पडल्यामुळे पडून राहिलेला, तोच सिराजुद्दीनने घेतला होता. त्याला छाप ठाऊक नव्हता. पण यांनी गलबतावरून पोती उतरवतानाच बघितला होता आणि महिनाभर मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. पोती घरात रचताना छाप भिंतीकडे करून रचली होती, हे मला आता कळतं.

ठमीने तोंडाला पदर लावला.

शेठ उठून आले. त्यांनी छाप बघितला, दुसरं पोतं उलटायला लावलं, तेही बघितलं. मग हसले. आपा, माणूस मोठा आहे, हसता येतं त्यांना. म्हणाले, “करमभाई, माझाच माल मला परत घालता?”

हे म्हणाले, “तुमचा तर तुमचा, शेठ. त्याआधी आमच्याच कोणाच्या वाडीतला होता. एवढंच की या खेपेला त्याचा भाव तुम्ही ठरवला नाहीत.”

शेठनी मार्तंडाला सांगितलं, तोल.

तोलली. मग तूट कापायचं चाललं, ते मी वर लिहिलंच आहे. शेवटी तराजू बरोबर उभा राहिला आणि आमच्याकडे अर्धं पोतंसुद्धा उरलं नाही. परत येताना वाटेत हे फक्त एवढंच म्हणाले, बावा वारले तेव्हा पहिला तोच माणूस पैसे घेऊन धावत आला होता, हेही विसरायचं नाही. मी म्हटलं, विसरू नका, पण पुन्हा बोलावूही नका.

रोजा सोडताना तुमच्यासाठी दुआ मागितली. दोघांनी.

तुमची,
सुगरा


आगरदांडा, ११ फेब्रुवारी १९३२

आपा, ईद मुबारक.

शीरखुर्मा केला होता, पण कमी. ठमीच्या घरी पाठवला, चाचींकडे पाठवला, आणि हरेश्वरशेठकडेही पाठवला. हे स्वतः घेऊन गेले. तिथे काय झालं ते तांडेलाने सांगितलं, तो नोराच्या पैशासाठी तिथेच बसला होता.

शेठनी डबा घेतला, ईदेच्या शुभेच्छा दिल्या आणि तिजोरी उघडली. म्हणाले, करमभाई, तुमचं नाव आता कोरं झालं, मला बरं वाटलं. आता पावसाळा काढायचा तर शंभर घेऊन जा. भाव पडलेत म्हणून सुपारी जरा जास्त लिहू, बाकी सगळं पूर्वीसारखं. आणि नोटा काढून गादीवर ठेवल्या.

तांडेल म्हणतो, करमभाई नोटांकडे बघत राहिले, आणि त्याला वाटलं की आता हात पुढे होतो. मलाही ऐकताना तसंच वाटलं, कारण मी त्यांना ओळखते. समोर ठेवलेलं नाकारणं त्यांना उद्धटपणा वाटतो. घरात रोख म्हणाल तर अठरा रुपये आहेत, आणि वळचणीची कौलं यंदा बदलायलाच हवीत.

ते म्हणाले, “शेठ, या साली आम्ही सुपारी विकणार. झाडावर असताना नाही, वाळल्यावर. तुमचा भाव चांगला असेल तर पहिली तुमच्याकडे आणीन.”

शेठ म्हणाले, आणि पावसाळ्यात खाणार काय?

“तांदूळ भरलेत. बायकोने.”

मग त्यांनी शीरखुर्म्याचा रिकामा डबा मागून घेतला आणि घरी आले. मला यातलं काही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, कौलं जुनीच फिरवून बसवू, दोन वर्षं निघतील.

मी कागदपेनाने पुढचं वर्ष मांडून बघितलं आहे. नारळ, चिकणी आणि काथ्या यांत घर चालेल, ओढाताणीत चालेल. आजारपण आलं नाही तर सुपारीचे पैसे पूर्ण हातात येतील. त्यातले पहिले माझ्या सोन्यासाठी बाजूला काढायचे असं हे म्हणतात. सोनं तिसावर गेलंय, हे त्यांना रोज कोणी ना कोणी सांगतं, आणि ते रोज माझ्याकडे असे बघतात की मीच ते चढवते आहे. मी त्यांना सांगितलं आहे, माझं देणं शेवटी. माझ्या आधी एक देणं आहे.

ते कोणतं, हे मी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. पण काल रात्री त्यांनी जुना पेटारा उघडून बावांच्या वाटणीचे कागद काढले आणि सकाळी म्हणाले, सुगरा, फिरोजाने आपल्या तिसऱ्या हिश्श्यातलं सहा वर्षांत काय खाल्लं? मी म्हटलं, काही नाही, तिचीही सुपारी शेठकडेच गेली. ते म्हणाले, म्हणजे शेठकडचं देणं फिटलं, हे अजून फिटलेलं नाही.

तुमचं नाव त्यांनी घेतलं, आपा. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा, आणि अगदी सहज, तुम्ही शेजारच्या खोलीत असल्यासारखं.

ते बुधवारच्या आगबोटीने मुंबईला निघतील आणि गुरुवारी लाँचने मोऱ्याला उतरतील. तांडेल म्हणतो लाँच दुपारी लागेल. तुमच्या दुकानाशी येऊन आधी वाऱ्याचं बोलतील, मग सुंभाचा भाव विचारतील, मग सिराजुद्दीन किती उंच झाला असं म्हणतील. चहा द्या. पहिल्या कपात काही निघणार नाही, दुसरा द्या. मागचं काही तुम्ही काढू नका, ते स्वतः काढतील, आणि मग विचारतील की तुझ्या हिश्श्याचं राहिलेलं रुपयांत घेशील की सुपारीत.

तिथल्या तिथे उत्तर देऊ नका. रुपये त्यांच्याकडे आता नाहीत, कबूल करतील आणि मग उचल मागायला कोणाकडे तरी जातील. सुपारीत घ्या, दर हंगामाला थोडी थोडी, दीडपट न करता. शिवाय अब्दुस्समद तांडेल मुंबईहून ऐकून आला आहे की भाव पाचच्या खाली आता जात नाही, पुढच्या हंगामापर्यंत सात-आठ होईल.

तुमची,
सुगरा